दोन वीत, चार बोटं

पहिलं झाकण बसलं नाही तेव्हा धाकटीने ते फिरवून पाहिलं. कधीकधी झाकण एका अंगाने अडतं आणि अर्धा फेरा दिला की मुकाट्याने बसतं. तिने अर्धा फेरा दिला, मग उरलेला अर्धाही दिला. झाकण टोपलीवर बसायच्या ऐवजी टोपलीत पडलं आणि बुडाशी जाऊन निवांत राहिलं. दुसरं घेतलं, तर ते काठाबाहेर चारी बाजूंनी डोकावत होतं, पोराच्या डोक्यावर बापाची टोपी ठेवावी तसं. तिसरं बसलं. तिला हायसं वाटलं. पण चौथं, पाचवं आणि सहावं बसलं नाही, तेव्हा तिने हातातलं झाकण खाली ठेवलं आणि आधी शेडचं दार लोटून घेतलं.

सकाळचे नऊ वाजले होते. एका भिंतीशी वेताच्या दोनशे वीस टोपल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, अकरा घरांनी दीड महिना खपून विणलेल्या. समोरच्या भिंतीशी दोनशे वीस झाकणं होती. ती आठ घरांतून आजच सकाळी आली होती, डोक्यावरून, सायकलीवरून, आणि एक गठ्ठा तर चक्क बाळाच्या गाडीतून. चार वाजता तपासनीस बाई ट्रक घेऊन येणार होत्या. टोपल्या एका मोठ्या हॉटेलात जायच्या होत्या, खोल्याखोल्यांतून धुवायचे कपडे टाकायला. आणि थोरल्या दिरांनी मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर शब्द दिला होता की हा माल गेला तर शेड या एकोणीस घरांची, हवी तितकी वर्षं वापरा. नाही गेला तर ती बियाणं कंपनीला गोदामासाठी द्यायची. कंपनीचा माणूस पाच वाजता फोन करणार होता.

काम वाटायची कल्पना धाकटीची. आजवर जी टोपली विणायची तीच तिचं झाकण विणायची, आणि व्यापारी आठवड्याला पाच-दहा नग उचलून न्यायचा. अशाने एवढी मोठी ऑर्डर जन्मात पुरी झाली नसती. टोपलीला पाठ लागते, झाकणाला नुसते डोळे आणि बोटं. म्हणून ज्यांची पाठ धड नव्हती त्या आठ घरांना झाकणं दिली, बाकीच्यांना टोपल्या. सगळ्यांनी तिच्या हुशारीचं कौतुक केलं होतं. तोंड चव्वेचाळीस सेंटिमीटर, हे तिने प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि त्या मापाची कागदाची पट्टीही कापून दिली होती.

"अहो, जरा इकडे या," तिने नवऱ्याला हाक मारली. धाकटा कोपऱ्यात बसून चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत होता. "हे झाकण बघा."

"चांगलं विणलंय की."

"विणलंय चांगलंच. पण कुठल्या टोपलीचं आहे?"

धाकट्याने ते तीन टोपल्यांवर ठेवून पाहिलं, मग चौथ्या. त्याच्या कपाळावर घाम आला.

"दादाला कळलं का?"

"दादांना कळायच्या आधी मला तर कळू दे काय झालंय ते."

"मी काय म्हणतो, त्या बाईंना फोन करून उद्या या म्हणून सांगितलं तर?"

"बाई उद्या आल्या म्हणजे झाकणं आज वाढणार आहेत का?" धाकटीने खिशातून मोजपट्टी काढली. "तुम्ही त्या बाजूने सुरू करा, मी या बाजूने करते. नुसतं माप सांगा. आणि घाबरायचं असेल तर साडेचारनंतर घाबरा, आत्ता वेळ नाही."

ती घाबरली नव्हती असं नाही. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने एक गोष्ट शिकून घेतली होती. या घरात जो आधी हात टेकतो त्याच्या हातातलं दुसरा काढून घेतो.

*

गावात बातमीला पाय असतात आणि आमच्या आत्याला जीभ. आत्या म्हणजे दोघा भावांच्या बापाची बहीण, पण आता सगळ्या गावाचीच. वय चौऱ्याहत्तर, झाकणवाल्या आठांपैकी एक. ती बाळाच्या गाडीतून झाकणं घेऊन आली होती आणि रिकामी गाडी ढकलत परतताना तिने बंद दाराला कान लावला होता. तिथून अंगण ओलांडून ती सरळ थोरल्याच्या ट्रकपाशी गेली.

थोरला चाकाचे नट आवळत होता.

"तुझ्या भावजयीची झाकणं टोपल्यांत पडतायत," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आत पडतायत. नाहीतर बाहेर लोंबतायत. मधे एखादं बसतं, चुकून."

थोरल्याने पाना खाली ठेवला. त्याला पहिल्यांदा आनंद झाला. हे कबूल करायला हवं, कारण त्याने ते स्वतःशी केलं. मग त्या आनंदाची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. त्याला शेडचा लोभ नव्हता. वाटणीत ती त्याच्याकडे आली होती एवढंच. पण त्याने या गावात आजवर तीन गट निघालेले पाहिले होते. पहिल्याने शिलाई मशिनं आणली, दुसऱ्याने मधाच्या पेट्या, तिसऱ्याने नुसत्या खुर्च्या. तिन्हींपैकी खुर्च्या तेवढ्या शिल्लक होत्या. बियाणं कंपनी ही पक्की गोष्ट होती. तिच्या गोदामाला रोज दोन हमाल, एक राखणदार आणि एक ट्रक लागणार होता, आणि ट्रक गावात एकच होता. म्हणून त्याने स्वतःचं घर गटात घातलं नव्हतं. एकोणीस घरांच्या यादीत त्याच्या घराचं नाव नव्हतं.

"तू काय करणार?" आत्याने विचारलं.

"मी कशाला काय करू? नाचता येईना अंगण वाकडं. उद्या म्हणतील शेडच्या भिंतीच तिरक्या होत्या."

"मी तुझ्या बाजूने आहे, हे ध्यानात ठेव."

"आत्या, तुझी झाकणं पण त्यातच आहेत ना?"

"आहेत. म्हणून तर म्हणते, दोन्हीकडे पाय असलेला बरा."

थोरल्याने पाना पुन्हा उचलला, पण नट सगळे आवळून झाले होते. सगळ्या झाकणांची मापं वेगवेगळी कशी काय आली, याचा त्याला अंदाज आला होता, आणि तो त्याला नको होता. त्याची बायको तीस वर्षं घरात सगळं एकाच मोजमापाने मोजत आली होती. पडद्याचं कापड, पलंगाची रुंदी, पोराची उंची, सगळं विती आणि बोटांत. त्याने घराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं.

*

थोरलीने सगळं ऐकलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी ट्रकच्या अंगाला होती. ती वेत भिजत घातलेल्या टबाशी उभी होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते.

गावातल्या निम्म्या बायकांना विणायला तिने शिकवलं होतं. नमुन्याची टोपली, जी पाहून हॉटेलवाल्यांनी होकार दिला, ती तिच्याच हातची, झाकणासकट. पण यादी झाली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. नवऱ्याने नको म्हटलं होतं आणि तिने वाद घातला नव्हता. वरवर ती म्हणाली होती, "मला कशाला हवंय आता या वयात." तिला हवं होतं. रोज दुपारी विणून झालेल्या टोपल्या ठेवायला आलेल्या बायकांच्या हसण्याचा आवाज शेडमधून यायचा आणि ती इकडे एकटी भाजी निवडत बसायची.

मग दुसऱ्याच आठवड्यात एक बाई मागच्या दाराने आली. वेत ओलाच विणावा लागतो, हात कायम ओले, आणि धाकटीने दिलेली कागदाची पट्टी तिसऱ्या दिवशीच लगदा झाली होती. धाकटीकडे दुसरी मागायची तर वेंधळी म्हणेल. तेव्हा तुम्हीच सांगा, तोंड किती ठेवू?

थोरलीने नमुन्याच्या वेळचं स्वतःचं माप आठवलं. "पट्टीबिट्टी काय घेऊन बसलीस," ती म्हणाली, "दोन वीत आणि चार बोटं. डोळे मिटून मोज."

चार दिवसांत एकेक करून सगळ्या आल्या, टोपलीवाल्याही आणि झाकणवाल्याही. मागच्या दाराने, पदराला हात पुसत. सगळ्यांना तिने तेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी तिला इतकं बरं वाटलं की त्या रात्री ती गाणं गुणगुणत झोपली. दोन वीत आणि चार बोटं, हे तिच्या हाताने बरोबर चव्वेचाळीस सेंटिमीटर भरत होतं. वीत ज्याची त्याची असते, हे तिला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल. पण तिच्या लेखी वीत म्हणजे तिचीच वीत होती. इतकी वर्षं सगळ्यांनी तिच्याच हाताकडे बघून विणलं होतं.

तिने पाण्यातून हात काढले आणि पुसले. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. आलेल्या बायका मागच्या दाराने आल्या होत्या आणि चुगली करायची तर त्यांना स्वतःचीच फजिती सांगावी लागली असती. दोष धाकटीच्या वाटणीवर गेला असता. धाकटी हुशार होती, दुसरीकडे काहीतरी उभं केलं असतं तिने. थोरलीने हा हिशेब एकदा केला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने चपला घातल्या.

*

दहा वाजेपर्यंत शेड भरली होती. एकोणीस घरांतली झाडून सगळी माणसं आली होती. टोपलीवाल्या एका बाजूला, झाकणवाल्या दुसऱ्या बाजूला, जणू दोन गावांचा सामना होता.

"आमच्या टोपल्या बरोबर आहेत, झाकणंच लहान झालीत."

"अगं जा, तुझ्या टोपलीत माझं वासरू झोपेल."

लोहार दाराच्या चौकटीत उभा होता. बायकोचा हात मोडल्यावर शेवटच्या बारा टोपल्या त्यानेच विणल्या होत्या, आणि तो मधेमधे "मला कुणी काही बोलू नका" एवढंच म्हणत होता. त्याला कुणी काही बोललं नव्हतं.

थोरला आत आला तसा आवाज खाली बसला. तो टोपल्यांच्या भिंतीपाशी गेला, एक झाकण उचललं, ठेवून पाहिलं, काढलं.

"मी काही बोलायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग बरं झालं," धाकटा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानेही स्वतःकडे पाहिल्यासारखं केलं. थोरल्या भावापुढे त्याने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलंच आहे म्हटल्यावर तो पुढे म्हणाला, "नाही, म्हणजे दादा, वेळ कमी आहे. बोलायचं ते संध्याकाळी बोलू."

"एक टोपली दोन घरांत विणायची, हे आपल्या बापजाद्यांनी कधी केलं नाही," थोरला म्हणाला. "ते वेडे नव्हते. ज्याचं बूड त्याचंच झाकण. एवढंच सांगतो."

"बरोबर बोलतोय तो," आत्या म्हणाली. मग धाकटीकडे बघून, "तशी वाटणीची कल्पना काही वाईट नव्हती म्हणा."

धाकटी एका उलट्या टोपलीवर बसली होती, मांडीवर मापांचा कागद. ती उठली.

"काम मी वाटलं. माप मी दिलं. सगळ्या घरांत मी पहिल्या आठवड्यात एकदा गेले, नंतर परत जाऊन मोजायला हवं होतं, ते केलं नाही. ही जबाबदारी माझी. आता ज्यांना ओरडायचं असेल त्यांनी मला ओरडा आणि मोकळे व्हा, म्हणजे कामाला लागता येईल."

टोपलीवाल्यांतल्या दोघीतिघींनी जमिनीकडे पाहिलं. झाकणवाल्यांतल्या चारपाच जणींनी छताकडे.

"तिची जबाबदारी नाही," दारातून थोरली म्हणाली. लोहार बाजूला झाला. "माप मी दिलं."

"वहिनी, तुम्ही तर यादीत पण नाही," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच दिलं." थोरली आत येऊन मधोमध उभी राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीला मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "हिच्या पट्ट्या भिजून गेल्या. बायका माझ्याकडे आल्या. त्यांना मी सांगितलं, दोन वीत आणि चार बोटं. हिच्याकडे परत जा म्हणून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला कुणीतरी विचारायला आलं याचाच आनंद झाला होता."

थोरला बायकोकडे पाहत होता. ती हे सगळ्यांसमोर सांगेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तिला यादीबाहेर ठेवणारा कोण, हे आता कुणालाही विचारावं लागणार नव्हतं.

"जाऊबाई," धाकटी सावकाश म्हणाली, "म्हणजे प्रत्येकीने स्वतःच्या वितीने मोजलं?"

"दुसऱ्याची वीत कुठून आणणार?"

"आणि एकीच्या वीस टोपल्या? त्या तरी आपसांत सारख्या आहेत का?"

थोरलीला हा प्रश्न लागला. "माझ्या हाताखाली शिकल्यात त्या. विसावी टोपली काढून पहिलीत घाल, हलणार नाही."

धाकटीने मापांचा कागद पुन्हा पाहिला. मग ती हसली, मोकळी, खांदे हलेपर्यंत. तिला खरंच हसू आलं होतं.

"मग आपण सकाळपासून चुकीचं काय ते जुळवतोय. दोनशे वीस टोपल्या आणि दोनशे वीस झाकणं कोण लावत बसणार? इथे टोपलीवाल्या अकरा आहेत आणि झाकणवाल्या आठ. टोपल्या राहू द्या तिकडे. हात जुळवा."

*

लोकांना कळायला थोडा वेळ लागला. आत्याला सगळ्यात आधी कळलं. तिने पुढे होऊन स्वतःचा पंजा हवेत धरला आणि म्हणाली, "या गं, कुणाचा माझ्याएवढा आहे ते बघू."

मग जे सुरू झालं त्याला शिस्त आणायला धाकटीला चांगला पाव तास लागला. बायका एकमेकींच्या पंजाला पंजा लावत होत्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणून. आडनावाने, भांडणाने आणि बांधाने वेगळ्या असलेल्या दोघींचे हात एकमेकींवर तंतोतंत बसत होते. डाक वाटणारीचा आणि तिच्या चुलत जावेचा हात एकच निघाला. त्या दोघी आठ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आता बोलावंच लागलं, कारण एकीच्या वीस टोपल्या दुसरीच्या झाकणांखाली जायच्या होत्या.

"माझ्या लग्नात एवढं कुणी जुळवून पाहिलं नव्हतं," आत्या म्हणाली.

"म्हणूनच तुमचं झाकण आयुष्यभर वाजत राहिलं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर आत्याच सगळ्यात जास्त हसली.

हात लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लागले. धाकटा खडूने जमिनीवर घरं आखून त्यात नावं लिहीत गेला. आठ झाकणवाल्या आणि अकरा टोपलीवाल्या म्हणजे सरळ जोड्या लागणार नव्हत्या. एकेकीची झाकणं दोघी-तिघींच्या टोपल्यांवर वाटावी लागली. पण शेजारच्या मापातला अर्ध्या बोटाचा फरक झाकणाची कड पोटात घेत होती. साडेबाराला पन्नास जोड्या लागल्या, दीडला दीडशे. झाकण नीट बसलं की एक बारीकसा आवाज येतो. तो आवाज शेडमधून सारखा येऊ लागला आणि दोन वाजेपर्यंत कुणाला जेवणाची आठवण झाली नाही.

राहिला लोहार. त्याच्या पंजाशी कुणाचाच पंजा लागेना.

"घणाचा हात आहे तो," तो ओशाळून म्हणाला. "मी म्हणालो होतो, मला कुणी काही बोलू नका."

आत्याने इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या थोरल्याचं मनगट धरून त्याला ओढत आणलं. त्याचा पंजा लोहाराच्या पंजावर दाबला. बोटाला बोट भिडलं.

"बघा. याचा हात बसतो. पण हा झाकणं विणत नाही, नुसती पडलेली मोजतो."

सगळे हसले. थोरलाही हसायचा थोडक्यात राहिला. लहानपणी या हाताने त्यानेही वेत वळला होता, हे त्याला फार दिवसांनी आठवलं. त्याने हात सोडवून घेतला आणि खिशात घातला.

"बारा झाकणं उरलीत ना?" थोरलीने विचारलं. "ती लहान आहेत, म्हणून टाकायची कशाला. कड उसवून दोन फेरे वाढवू."

"जाऊबाई, बसा," धाकटीने तिला स्वतःची जागा दिली. "तुमच्याइतकं भरभर कुणाला येतंय?"

"मी यादीत नाही."

"ते मागाहून भांडू. आधी बसा."

थोरली बसली. तिने उरलेल्यातलं एक झाकण मांडीवर घेतलं, टोचणीने कड सैल केली आणि उसवायला लागली. भिजवलेला वेत घरच्या टबात होता. तो आणायला कुणी उठायच्या आत थोरला बाहेर पडला आणि भरलेला टब दोन्ही हातांत धरून, अर्धं पाणी पँटवर सांडत परत आला. टब तिच्यापाशी ठेवून तो पुन्हा भिंतीला जाऊन टेकला. त्याच्याकडे मुद्दामच कुणी पाहिलं नाही.

*

तपासनीस बाई चारला दहा मिनिटं कमी असताना आल्या. उंच, कोरड्या चेहऱ्याच्या, हातात मोजपट्टी आणि कागद. शेडमध्ये टोपल्यांचे तीन ढीग होते, आणि लोहाराच्या बारा बाजूला. धाकटी त्यांना सामोरी गेली.

"बाई, तुम्ही मोजायच्या आधी मीच सांगते. कागदावर तोंड चव्वेचाळीस आहे. हा मधला ढीग चव्वेचाळीसचा, एक सेंटिमीटर इकडेतिकडे. हा डावीकडचा लहान, उजवीकडचा मोठा. चूक आमची आहे. सगळ्यांनी आपापल्या हाताने मोजलं. पण प्रत्येक टोपलीला झाकण बसतं, आणि कसं बसतं ते तुम्हीच बघा."

बाईंनी बघितलं. पंधरा-वीस झाकणं काढली, लावली, टोपली उलटी करून हलवली. एकही सुटलं नाही. मोजपट्टी लावली, ओठ मुडपले.

"मला ठरलेलं माप हवंय. हात नकोत."

"पुढच्या खेपेला लोखंडी कड्याने मोजू. लोहार करून देणार आहे, प्रत्येक घराला एक. ते भिजलं तरी चालतं." हे धाकटीने लोहाराला अजून विचारलं नव्हतं. लोहाराने मान हलवली. "आजच्याला तुमच्या हॉटेलात सगळ्या खोल्या एकाच मापाच्या आहेत का, एवढं विचारून बघाल का?"

बाई फोन घेऊन बाहेर गेल्या. इकडे आत्याचे ओठ हलत होते, ती बहुधा फोनवर काय बोलायला हवं ते स्वतःच बोलत होती. थोरली शेवटच्या झाकणाची कड बांधत होती आणि तिने मान वर केली नाही.

बाई परत आल्या. "तीन प्रकारच्या खोल्या आहेत. लहान ढीग चालेल, मधला चालेल, मोठाही चालेल. पण या बारा नाहीत." त्यांनी लोहाराच्या टोपल्यांकडे बोट केलं. "या कुठल्याच खोलीच्या दारातून आत जाणार नाहीत."

"माझी बारा झाकणं," थोरली म्हणाली, आणि एवढंच.

दोनशे आठ टोपल्या ट्रकमध्ये चढल्या. ट्रक वळला आणि रस्त्याला लागला तरी कुणी आनंदाने ओरडलं नाही, कारण प्रत्येकाला लोहाराच्या बारा टोपल्या दिसत होत्या. थोरल्याने शब्द दिला होता तो माल गेला तर, असा. सगळा की थोडा, हे कुणी विचारून घेतलं नव्हतं. धाकटीला ते आत्ता कळलं. तिने थोरल्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. आता तिच्या हातात काही नव्हतं आणि ते तिला आवडलं नाही.

पाच वाजता थोरल्याच्या खिशात फोन वाजला. तो शेडच्या मधोमध उभा राहिला. लोकांनी ऐकू नये म्हणून तो बाहेर जाऊ शकला असता.

"हं, बोला," तो म्हणाला. "नाही, सगळा नाही गेला. बारा नग राहिले."

धाकट्याने बायकोचा हात धरला. आत्याने डोळे मिटले.

"हो, तसं ठरलं होतं खरं." थोरला ऐकत राहिला. त्याची नजर बायकोवर होती. तिच्या मांडीवर बारावं झाकण होतं आणि बोटांना वेताच्या बारीक चिरा पडल्या होत्या. "नाही साहेब, जागा नाही मिळणार. नाही, पुढच्या महिन्यातही नाही. माझ्या एकट्याच्या हो-नाहीवर नाही ते. घरांना विचारावं लागेल."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"सकाळी एकोणीस होती," थोरला म्हणाला. "आता वीस."